येझदीला कापडी सॅडलबॅग लावली, उजवी जळली डावी शाबूत, काय चुकलं?

भाट्याचा_वारा | रत्नागिरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी येझदी रोडकिंग, १९८४ ची, बाबांची. मधे नऊ-दहा वर्षं पडवीत गोणपाटाखाली उभी होती, दोन वर्षांपूर्वी मी इंजिन खोलून घेतलं, आता एका किकमध्ये सुरू होते (बरं, दोन). दिवाळीनंतर मी आणि बायको किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं म्हणतोय. गणपतीपुळे, जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, मग गुहागर, धोपाव्याहून दाभोळ, दापोली, हर्णै, केळशी, वेसवीहून बागमांडला आणि शेवट हरिहरेश्वर. तीन फेऱ्या, चार दिवस. पाठीवर सॅक घेऊन मागे बसणार नाही असं बायकोने स्पष्ट सांगितलंय, आणि टाकीवर ठेवायची बॅग मला नको कारण टाकीचा रंग अजून ओरिजिनल आहे, त्यावर एक ओरखडा आला तर बाबा जेवणार नाहीत.

म्हणून व्हिंटेज गाडीला शोभेल अशी कापडी सॅडलबॅगची जोडी ऑनलाईन मागवली. सीटवरून आडवे दोन पट्टे आणि दोन्हीकडे लोंबणाऱ्या पिशव्या, गाढवावर रेतीच्या गोणी टाकतात तसंच. ट्रायल म्हणून सामान भरून पावसला जाऊन आलो. जाताना काही नाही, येताना काही नाही. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो, दहा मिनिटं झाली असतील, आणि प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. बघतो तर उजव्या बॅगेच्या तळाला तळहाताएवढं भोक, सायलेन्सरवर काळा चिकटा, आतला टॉवेल गेला. डावी बॅग जशीच्या तशी.

घरी येऊन उजवी बॅग सुंभाने वर ओढून बांधली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन येईपर्यंत सुंभ जळालं. पीळ तेवढा शिल्लक होता, म्हण खरी निघाली.

येझदीला सायलेन्सर दोन्हीकडे असतात, सारखेच तापतात, मग एकच बॅग का जळली हे काही कळत नाही. मित्र म्हणतो सायलेन्सरला ती कापडी हीट टेप गुंडाळ, विषय संपला. दुसरा म्हणतो लोखंडी फ्रेम मार. फ्रेमला माझी ना नाही पण गाडीला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर अजिबातच नाही, बाबा घरात असतात. काय करू?


परशुरामचा_उतार | चिपळूण

साईड स्टँड!

चहाला थांबलास तेव्हा साईड स्टँडवर लावली होतीस ना? गाडी डावीकडे कलली की डावी बॅग सरळ खाली लोंबते म्हणजे गाडीपासून लांब जाते, आणि उजवी बॅग गाडीवर येऊन रेलते, म्हणजे बरोबर सायलेन्सरच्या मांडीवर. चालताना वारा लागत असतो, थांबल्यावर वारा बंद, सायलेन्सर मात्र तापलेलाच. बॅगा चालताना कमी आणि उभ्या गाडीवर जास्त जळतात, माझ्या दोन जोड्या गेल्यात म्हणून सांगतोय. डावीकडे शिवाय तुझा साडी गार्ड आहे, तो बॅगेला आत येऊच देत नाही. उजवीकडे काहीच नाही, तिथे शॉकअप, चाक आणि सायलेन्सर, तिघंही बॅगेची वाट बघत बसलेत.

आणि खरं सांगू, जळली ते स्वस्तात सुटलास. उजवी बॅग चालत्या गाडीत आत गेली असती आणि तिचा पट्टा आऱ्यांत अडकला असता तर चाकच लॉक. बॅग शिवता येते.

तर काम असं कर. चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा आणि उजवीकडे साडी गार्डचा जुळा भाऊ बनवून घे. १० एमएमची सळई, इंग्रजी डी सारखी वाकवायची, मधे एक आडवी पट्टी, दोन्ही टोकांना चपटी पट्टी वेल्ड करून तिला भोक (भोक पट्टीला पाडायचं, गाडीला नाही, बाबांना तसं सांग). गाडीचेच जे बोल्ट आहेत त्यांच्याखाली ती पट्टी धरायची, फक्त बोल्ट पट्टीच्या जाडीइतका लांब घ्यायचा. बोल्ट हार्डवेअरवाल्याच्या बरणीतला कुठलाही उचलू नको, डोक्यावर ८.८ लिहिलेला माग, खाली स्प्रिंग वायसर टाक. उतरवायचं म्हटलं तर दहा मिनिटांत गाडी परत होती तशी.

माप घेताना सगळे एकच चूक करतात. गाडी मेन स्टँडवर असली की मागचं चाक अधांतरी लोंबतं, सगळं खाली गेलेलं असतं, तेव्हा बॅग आणि मागच्या चाकामध्ये भरपूर जागा दिसते. तुम्ही दोघं बसलात की शॉकअप दबतात, बॅग सीटबरोबर चाकाकडे खाली येते. म्हणून दोघांनी गाडीवर बसायचं आणि तिसऱ्याने माप घ्यायचं. सायलेन्सरपासून निदान चार बोटं.

सायलेन्सर कुठे किती तापतो ते बघायला थर्मामीटर वगैरे लागत नाही. वीसेक किलोमीटर चालवून आण आणि साधी मेणबत्ती सायलेन्सरला जागोजागी टेकव. जिथे मेण वितळून ओघळलं तिथे साठेक अंशाच्या वर आहे. मग पाण्याचे थेंब टाक, चर्र करून उडाले तर शंभरच्या वर. खडूने खुणा कर. बॅगेचा तळ कुठे येऊ द्यायचा नाही ते तिथल्या तिथे कळतं.

टेप गुंडाळू नको. सांगतो का ते नंतर, आत्ता जेवायला बोलावतायत.


भाट्याचा_वारा

साईड स्टँड!! बरोबर, साईड स्टँडवरच होती. डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय. सुंभ जळालं तेव्हाही तशीच लावली होती बाजारात. साडी गार्डच्या जुळ्या भावाची आयडिया भारी आहे, उद्याच जातो. वरचं टोक शॉकअपच्या वरच्या बोल्टला आणि खालचं टोक शॉकअपच्या खालच्या बोल्टला, बरोबर ना? तिथेच सगळ्यात सोपं दिसतंय.


देवबागचो_झील | मालवण

रे बाबा थांब!! खालच्या बोल्टाक लावू नको!

माझ्या बुलेटीक मी अगदी असोच स्टे बनवन घेतलेलो. वरसून शॉकअपचो वरचो बोल्ट, खालसून खालचो. फॅब्रिकेशनवालो म्हणता काय फिट बसलो बघ. पयल्याच खड्ड्यात असो आवाज इलो की माका वाटला चाकच गेला.

मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याकडचे विचारत बसतील. शॉकअपचा वरचा बोल्ट फ्रेमवर असतो, तो हलत नाही. खालचा बोल्ट मागच्या चिमट्यावर (ज्यात मागचं चाक बसतं तो) असतो आणि चिमटा खड्ड्याखड्ड्याला वरखाली होतो. दोन्हीच्या मधे तू कडक सळई घातलीस म्हणजे शॉकअपच बंद केलास. सळई तरी वाकणार, वेल्डिंग तरी तुटणार, नाहीतर बोल्ट. माझी सळई धनुष्यासारखी वाकली आणि वरची पट्टी तुटून बॅग कट्ट्याच्या बाजारात रस्त्यावर. नशीब बाजाराचा दिवस नव्हता.

दोन्ही टोकं फ्रेमवरच पाहिजेत. मागच्या फूटरेस्टचा बोल्ट लोक वापरतात पण तो आंधळेपणाने धरू नको, काही जुन्या गाड्यांना मागचे फूटरेस्ट चिमट्यावरच असतात. गाडी स्टँडवरून काढून दोन्ही चाकांवर सरळ धर, मागच्या मडगार्डला धरून दाबा आणि फूटरेस्टकडे बघा, मडगार्डबरोबर खाली न जाता चाकाबरोबर राहिला तर तो चालणार नाही. मग मडगार्डच्या दांडीचा बोल्ट बघ, नंबरप्लेटच्या बाजूचा बघ, काहीतरी मिळतंच. वेळ लागला तर लागू दे.


ताडपत्रीवाला | दापोली

आमचं काम होड्यांच्या ताडपत्र्या आणि टेम्पोच्या हुडांचं, मोटरसायकलच्या बॅगा आम्ही मुद्दाम करत नाही पण शिवायला येतात खूप, बहुतेक सगळ्या उजव्या बाजूच्या, आज त्याचं कारण कळलं.

तुमची बॅग ज्या अर्थी वितळून चिकटली त्या अर्थी ती कापडी नव्हे, नायलॉन किंवा पॉलिस्टर आहे. दिसायला कॅनव्हाससारखं विणलेलं असतं, वरून खाकी रंग, आणि नाव देतात कॅनव्हास. एक धागा काढून काडी लावा, गोळी होऊन आकसला तर प्लास्टिक, राख झाली आणि कागदासारखा वास आला तर सुती. नायलॉन दोनशे-सव्वादोनशे अंशापर्यंत तरी तग धरतं, रेक्झिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून लोळागोळा होतं, तेव्हा दिसायला चामड्यासारखी म्हणून रेक्झिनची घेऊ नका. खरा सुती कॅनव्हास वितळत नाही, करपतो, आणि करपायच्या आधी वास देतो. तेवढी सूचना मिळते.

सुती कॅनव्हासचा दुसरा गुण म्हणजे भिजला की धागा फुगतो आणि वीण घट्ट होते, पावसाची सर आली तरी आत लगेच पाणी जात नाही. मेण लावलेला असेल तर अजून चांगलं, पण मेणाचा कॅनव्हास सायलेन्सरजवळ नेऊ नका, मेण उतरून खाली ठिबकतं. तुम्ही नोव्हेंबरात जाताय म्हणजे पावसापेक्षा फेरीवरचे खारे शिंतोडे आणि पहाटेचं दंव हाच त्रास. वरून घालायच्या रेनकव्हरवर पैसे घालवू नका, वाऱ्याने फुगतं आणि तळाला पाणी साठवतं. त्यापेक्षा खताच्या गोणीच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ती धुऊन बॅगेच्या आत घाला, तोंड पिळून दुमडून रबर लावा. बॅगेच्या तळाला एक पितळी रिंग ठोकून घ्या, पाणी गेलंच तर बाहेर यायला वाट पाहिजे.

आता खरं दुखणं, पट्टे आणि बकल. विकतच्या बॅगांना जे पट्टे असतात ते बऱ्याच वेळा नायलॉनचे, नायलॉन भिजलं की लांबतं, सकाळी घट्ट बांधलेली बॅग दुपारी दोन बोटं खाली आलेली असते आणि तुमच्याकडे तर दोन बोटांचाच हिशोब आहे. पॉलिस्टरचा पट्टा लावून घ्या. शिवण सुती दोऱ्याची असेल तर ती खाऱ्या हवेत आधी कुजते, कापड राहतं आणि दोरा जातो, म्हणून पॉलिस्टर दोऱ्याने दुहेरी शिवण, आणि पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोन मारून मधे फुली. नुसती आडवी टीप मारलेली असेल तर ती दापोलीपर्यंत येणार नाही. बकल लोखंडी निकेलवालं नको, पितळेचं किंवा स्टीलचं. धातूची चेन असेल तर तिच्यावर पांढरी मेणबत्ती घासा, नाहीतर तिसऱ्या दिवशी चेन जाम आणि कपडे आत. परत आलात की बॅगा गोड्या पाण्याने धुवायच्या, मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं.

हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला जालच. बघा जरूर. बॅगेत काही भरू नका.


नियम_काका | ठाणे

एक दुरुस्ती. आपण गाडीला व्हिंटेज म्हटलं आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये जे नियम काढले त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी-चारचाकीच व्हिंटेज धरली जाते. १९८४ ची गाडी २०३४ पर्यंत फक्त जुनी.


परशुरामचा_उतार

काका बरोबर, पण २०३४ ला पण तो व्हिंटेज म्हणून नोंदणी करणार नाही बघा. त्या नोंदणीला नव्याने २० हजार फी आहे, व्हीए वाला नंबर मिळतो झोकात, पण मग गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. जयगडच्या जेटीवर उभं राहून कुठलं प्रदर्शन सांगणार. त्यापेक्षा आरसीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण वेळेत करावं आणि जुनी म्हणवून घ्यावं.

हां, नियमाचा विषय निघालाय तर, साडी गार्ड काढू नको कोणी सांगितलं तरी. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारं संरक्षण, पकडायला दांडी आणि फूटरेस्ट हे कायद्यातच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२३. बरेच लोक जुनी गाडी ‘क्लीन’ दिसावी म्हणून पहिल्यांदा साडी गार्ड काढून भंगारात देतात आणि मग हजारो रुपयांचे सॅडलबॅग स्टे शोधत फिरतात.

आता टेपचं. चारचाकी रेसवाले गुंडाळतात ते बघून लोक करतात. ती टेप ओलावा धरून ठेवते, आपल्याकडची हवा खारी, आतून सायलेन्सरचा क्रोम सहा महिन्यात फुलतो आणि ते दिसतही नाही कारण वर टेप. येझदीचा ओरिजिनल सायलेन्सर परत मिळायची काय मारामार आहे ते तुला माहीत असेल. त्यापेक्षा उष्णता अडवायला पत्रा लाव, पण पत्रा सायलेन्सरला चिकटवून नाही, मधे बोटभर हवा पाहिजे, अडवायचं काम हवाच करते, पत्रा नुसता पहारेकरी. मी घरातली जुनी जर्मनची परात कापून केला, ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, हाताने वाकतं. आईने परातीचं तीन वर्षं ऐकवलं ते वेगळं. स्टेच्या खालच्या सळईलाच दोन क्लिपने अडकव, म्हणजे सायलेन्सरला हात लावायची गरज नाही.

आणि टू स्ट्रोक आहे, विसरू नको. सायलेन्सरच्या तोंडातून काळं तेल उडतं. बॅग मागे सरकवलीस की तिच्या मागच्या टोकाला काळे चिकट ठिपके पडतात ते जन्मात निघत नाहीत. बॅग सायलेन्सरच्या तोंडाच्या पुढेच संपली पाहिजे.


मागची_सीट | गुहागर

सगळे पुरुष बॅगेला चार बोटं जागा मोजतायत, मागे बसणारीला किती बोटं ते कोणी विचारलं का?

आमच्याकडे जावा आहे, मी अकरा वर्षं मागे बसतेय, दोनदा बॅगा बदलायला लावल्या. वर म्हणतायत सायलेन्सरच्या तोंडापुढे बॅग संपली पाहिजे, म्हणजे बॅग पुढे येणार, म्हणजे माझ्या टाचा बॅगेवर. टाच फूटरेस्टवर पूर्ण टेकत नाही, पाय बोटांवर धरून ठेवावा लागतो, अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात. आणि बॅग मागे घ्या म्हटलं तर वजन मागच्या चाकाच्या मागे जातं, हँडल हलकं लागतं, चढावर तर पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं, आमच्या ह्यांनी कुंभार्ली घाटात अनुभव घेतलाय. म्हणून बॅग सरकवू नका, बॅगेचा पुढचा खालचा कोपरा आत दुमडून तिरका शिवून घ्या, ताडपत्रीवाले दादा दहा मिनिटांत करून देतील. सामान दोन टी-शर्ट कमी मावेल, टाच मोकळी.

दुसरं म्हणजे पट्टे सीटवरून घालू नका, सीटखालून घाला. वरून घातले तर बकल नेमकं मांडीखाली येतं, शिवाय पट्टा सीटवर घसरतो आणि एक बॅग खाली एक वर. सीट काढून खालून घ्या, फक्त मागच्या दिव्याची वायर पट्ट्याखाली चेपत नाही ना ते बघा, आमची चेपली होती, दाभोळ ते दापोली ब्रेक लाईटशिवाय आलो, अंधारात.

फेरीवर चढताना मी उतरते. तो उतार ओला असतो, शेवाळ असतं, त्यावर बॅगा लावलेली गाडी आणि मागे माणूस हे कशाला. आणि बोटीत गाड्या एकमेकींना खेटून लावतात, तुमची गाडी आता दोन्हीकडून वीतभर रुंद झालेली असते हे तुम्ही विसरता, बाजूच्या ॲक्टिव्हाचं हँडल बॅगेत घुसतं. शेवटी चढवा, कडेला लावा, मेन स्टँडवर. चालू बोटीत साईड स्टँडचा भरवसा नाही, आणि तुमच्या गाडीला तर साईड स्टँड आता बंदच करा.

वजन दोन्हीकडे सारखं भरायचं. आमच्याकडे भाजीच्या काट्यावर तोलून भरतात, हसू नका, एकीकडे पाना-पेटी आणि टू टी ऑइलची बाटली आणि दुसरीकडे माझे कपडे असं केलं की गाडी एका बाजूला ओढते आणि मग म्हणायचं तू सरळ बस.


भाट्याचा_वारा

ताई, बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्यांना माझा नमस्कार सांग. कोपरा तिरका शिवून घेतो.

फूटरेस्ट तपासला. मडगार्डला धरून दाबल्यावर चाकाबरोबरच राहतोय! देवबागच्या झिलाने वाचवलं. आता खालचं टोक मडगार्डच्या दांडीच्या बोल्टला घ्यायचं ठरवलंय, तिथे बोल्ट जरा बारीक आहे पण बॅगेचं वजन पट्ट्यावरच आहे, स्टेने फक्त आत येऊ द्यायचं नाही, म्हणजे चालेल असं मला वाटतं. चुकत असेन तर बोला. मेणबत्तीचा प्रयोग केला, बाबा खुर्ची घेऊन बघत बसले होते. सायलेन्सरचा पुढचा अर्धा भाग पाण्याने चर्र करतो, मागच्या वीतभर भागावर मेणसुद्धा उशिरा वितळतं. म्हणजे बॅगेचा मागचा भाग सुखात आहे, पुढचा खालचा कोपरा हाच वैरी, आणि तोच कोपरा बायकोच्या टाचेच्या आड येणारा. एका दुमडीत दोन्ही कामं होतील.

किती वजन भरावं?


परशुरामचा_उतार

स्टेचं बरोबर बोललास, तो आधार नाही, कुंपण आहे. दोघं बसणार असाल तर एका बाजूला चार-पाच किलोच्या वर जाऊ नको. जड वस्तू तळाला आणि पुढच्या अंगाला, हलकं वर. मागच्या टायरची हवा दोघांची भर. बॅगेचा आतला पृष्ठभाग साईड पॅनेलला घासतो तिथे पारदर्शक फिल्म चिकटव, आपल्याकडची जांभ्याची धूळ बॅग आणि रंगाच्या मधे गेली की पॉलिश पेपरचंच काम करते, दोनशे किलोमीटरमध्ये रंग उतरवते. निघायच्या आधी मागून एक फोटो काढून बघ, इंडिकेटर झाकले गेलेत का. गेले असतील तर बॅगेच्या पाठीवर चमकणाऱ्या टेपचा पट्टा शिवून घे. आणि ट्यूबच्या चार-पाच पट्ट्या कापून बरोबर ठेव. बाकी सगळं तुटलं तरी ट्यूब तुटत नाही.


भाट्याचा_वारा

आलो रे परत! तीन आठवडे उशिरा लिहितोय, माफ करा, आल्यावर भाताची झोडणी राहिली होती.

स्टेला सळई, पट्ट्या, मजुरी मिळून साडेसातशे लागले. पहिल्या खेपेला त्याने वाकवताना बाक उलटा घेतला, परत गेलो. रंगाऐवजी झिंकचा हात मारून वर काळा दिला. गाडीला एकही नवीन भोक नाही. बाबांनी दोन्ही बोल्ट स्वतः पाना लावून आवळले, मग म्हणाले, आम्ही ह्याच गाडीवर मागे पत्र्याची ट्रंक सुंभाने बांधून लांज्याला लग्नाला गेलो होतो, त्याला कोणाला विचारलं नव्हतं. ट्रंकेला ओरखडा आला होता का विचारलं तर आत निघून गेले.

बॅग नवीन घेतली नाही. जळलेल्या भागावर खरा कॅनव्हास लावून घेतला, कोपरा तिरका केला, पट्टे बदलले, सीटखालून घातले. जर्मनचा पत्रा जुन्या ताटलीचा केला, पहिल्या दिवशी खडखडायला लागला, गणपतीपुळ्याला थांबून क्लिपखाली ट्यूबचा तुकडा घातला तेव्हा गप्प झाला. चार दिवसात कापड कुठेही करपलं नाही. साईड स्टँड एकदाच चुकून लावला, तवसाळला उतरल्यावर, बायको लांबून ओरडली. दाभोळच्या बोटीवर खरंच एका स्कूटीचं हँडल बॅगेत आलं, ताईंची आठवण काढली. केळशीच्या पुढे कच्च्या रस्त्यावर मडगार्डच्या दांडीचा नट सैल झाला होता, हाताने फिरत होता, आता तिथे नायलॉनवाला लॉक नट टाकलाय. रोज सकाळी एकदा बोल्टांना हात लावून बघा, एवढं मी माझ्या खात्यावर सांगतो.

वजन मात्र येताना पाळता आलं नाही. जाताना भाजीवाल्याच्या काट्यावर तोललं होतं, साडेचार आणि साडेचार. हर्णैला ताडपत्रीवाल्या दादांनी बजावलेलं दोघांच्याही लक्षात होतं, पण सासूबाईंनी फोन करून सुकट आणि बांगडे सांगितले, आता सासूबाईंना कॅनव्हासचा गुणधर्म कोण सांगणार. खताच्या पिशवीत घातले, तोंड पिळून दुमडून रबर लावला, अगदी सांगितलं तसं. उजवी बॅग दोन किलोने जड झाली, गाडी घरापर्यंत उजवीकडे ओढत होती.

बॅग गोड्या पाण्याने तीनदा धुतली. सध्या गच्चीवर दोरीला आहे, खाली गल्लीतली चार मांजरं बसलेली असतात. दादा, सुती कॅनव्हासमधला हा वास जायला काही आहे का?


ताडपत्रीवाला

नाही.